मानसिक आरोग्यसेवेतील विषमता आणि प्रादेशिक संशोधन

मानसिक आरोग्यसेवा कोणाला मिळते आणि कोणाला नाही, हे भारतात बऱ्याच अंशी माणूस राहतो कुठे यावर ठरते. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ केरळात १.२, मध्य प्रदेशात ०.०५. या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेतकरी आत्महत्यांवर इतका खल झालेल्या राज्याचे चित्र या सर्वेक्षणात नसावे, हे जरा चमत्कारिकच.

राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा हेतू सेवा जिल्ह्याच्या ठिकाणी आणण्याचा होता. पण भामरागडहून गडचिरोलीही दीडशे किलोमीटरच्या पुढेच आहे. रुग्णासोबत घरचा एक माणूस, दोघांचे एसटीचे भाडे, दोघांची बुडालेली मजुरी. गोळ्या फुकट मिळाल्या तरी दर महिन्याची ही फेरी झेपत नाही आणि औषध सुटते. दफ्तरी नोंद मात्र ‘रुग्ण पुन्हा आला नाही’ एवढीच होते. हा खर्च तालुकावार मोजणे हे काही मोठ्या निधीचे काम नव्हे, तरी ते क्वचितच होते.

प्रादेशिक संशोधनाने उपचारांची दिशा कशी बदलते, याचे उत्तम उदाहरण गोव्यात सापडते. पांढरे जाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रियांना सहसा जंतुसंसर्गाची औषधे दिली जात. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत या तक्रारीचे नाते जंतुसंसर्गापेक्षा नैराश्य, चिंता आणि घरातील ताणांशी अधिक घट्ट असल्याचे दिसले. पुढे ‘मानस’ चाचणीत बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खासगी दवाखाने घेतले गेले. आरोग्यक्षेत्राचा अनुभव नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक नेमले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत: नैराश्य किंवा चिंतेचे निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी सरकारी केंद्रांत समुपदेशक असताना सहा महिन्यांनी ६५.९ टक्के बरे झाले, तर नेहमीच्या उपचारांवर ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत काहीच फरक पडला नाही. तिथे दोन्ही गटांत साधारण तितकेच रुग्ण बरे झाले. दोन्हींची सरासरी तेवढी छापली असती, तर समुपदेशकाची खरी गरज सरकारी केंद्राच्या रांगेत आहे, हे झाकलेच गेले असते.

विदर्भातील ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्य उपक्रम अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवला गेला. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती, त्यामुळे सारे श्रेय उपक्रमाला देता येत नाही. शिवाय सुमारे तीनचतुर्थांश माणसे तेव्हाही बाहेरच राहिली. ती कोण होती, या प्रश्नाचे उत्तर जात, जमीनधारणा आणि लिंग यांनुसार शोधल्याशिवाय सरासरीतील वाढ फारशी उपयोगाची नाही.

मोजण्याची साधनेही प्रदेशागणिक तपासावी लागतात. नैराश्याच्या प्रचलित प्रश्नावल्या झोप, भूक आणि थकवा यांविषयी विचारतात. मेळघाटातील कोरकू कुटुंबात किंवा नंदुरबारच्या भिल्ल पाड्यावर या तीनही गोष्टी अन्नटंचाईने आणि अंगमेहनतीनेही बिघडतात. इतरत्र ठरवलेली गुणांची मर्यादा तिथे तशीच लावली, तर उपाशी माणूस नैराश्यग्रस्त ठरतो; उलट, दुःख देहाच्या दुखण्यातून सांगणारा रुग्ण निसटतो. कोरकू, गोंडी, माडिया, अहिराणी या भाषांत प्रश्नावली तयार करणे एवढ्याने भागत नाही, तिची प्रत्यक्ष निदानाशी पडताळणीही व्हावी लागते.

ऊसतोड मजुरांचा प्रश्न याहून अवघड आहे. बीडमधील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. घरोघरच्या सर्वेक्षणात ती कुलूपबंद घरे म्हणून गळतात. गावाकडे सुरू झालेले औषध फडावर तुटते, कारण कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात त्यांचा कागद नसतो. त्यामुळे पाहणी गळीत हंगामात आणि हंगामानंतर अशी दोनदा, तीही दोन्ही ठिकाणी, व्हायला हवी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी दूरध्वनी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर येणारे फोन तालुका, भाषा आणि महिना यांनुसार तपासले, तर अशा स्थलांतरितांपैकी कितीजण मदत मागतात याचा अंदाज बांधता येईल. विद्यापीठांतील मानसशास्त्र विभाग आणि वैद्यकीय महाविद्यालये यांनी हे काम वाटून घ्यावे, आणि निष्कर्ष परिषदेच्या स्मरणिकेत छापण्याआधी संबंधित जिल्हा रुग्णालयाला मराठीत द्यावेत.