हिशेब तपासणारा कोणाचा?



ज्यांच्या नावाच्या पटांगणावर आपण बसलो आहोत, त्या देवमामलेदार यशवंतराव महाराजांची गोष्ट नाशकातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. १८७०-७१ च्या दुष्काळात सटाण्याच्या या मामलेदाराने सरकारी खजिना भुकेल्यांना वाटून टाकला. वरचा अधिकारी तपासणीस आला, तो खजिना पुरा भरला! भाविकांच्या श्रद्धेला मी हात लावीत नाही. पण आज ज्या माणसाविषयी बोलायचे आहे, त्याचा धंदाच असा की खजिना पैन्‌पै जुळला म्हणजे त्याला अधिक संशय येतो.

त्याला फोरेन्सिक ऑडिटर म्हणतात. नेहमीचा ऑडिटर निराळा. तो राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा नव्हे, असे एका इंग्रज न्यायाधीशाने १८९६ मध्येच सांगून ठेवले आहे. समोर ठेवलेल्या वह्या तो नमुन्यादाखल तपासतो आणि आपले मत देतो. फोरेन्सिकवाला वहीवर विश्वास ठेवून सुरुवातच करीत नाही. खरेदीचे बिल आहे, मग माल उतरवला कोणी? पैसा गेला, तो फिरत फिरत कोणाच्या खात्यात विसावला? आणि जे सापडेल ते कोर्टात उलटतपासणीला टिकेल अशा रीतीने मांडतो.

२०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. ठेवीदाराला प्रथम सहा महिन्यांत अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा होती. एका बांधकाम उद्योगसमूहाची ४४ कर्जखाती २१,००० हून अधिक बनावट खात्यांच्या आड दडवली होती, असा आरोप पुढे आला. मग या बँकेचे ऑडिट दरवर्षी होत नव्हते काय? होत होते! फोरेन्सिक ऑडिटर आला तो घर जळाल्यावर.

आता माझा खरा प्रश्न. याला बोलावतो कोण, आणि फी देतो कोण? कर्ज थकले की बँका बोलावतात. रिझर्व्ह बँक, सेबी नेमतात. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याखाली कंपनी गेली तर तिचा कारभार हाती घेणारा व्यावसायिक नेमतो. कधी संचालक मंडळ स्वतःच नेमते. भागीदार भांडले तर भागीदार. या साऱ्या यादीत कामगार कोठे आहे?

एके काळी त्याला थोडी जागा होती. आपल्या शेजारच्या जळगावचीच गोष्ट घ्या. खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्स आणि तेथील राष्ट्रीय गिरणी कामगार संघ यांचा बोनसचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गिरणीचे म्हणणे, आम्ही राखीव निधी खेळते भांडवल म्हणून वापरला, त्यावरचा परतावा आधी आम्हांला द्या, उरेल त्यातून बोनस. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात न्यायालयाने सांगितले की ताळेबंदात आकडा आहे एवढ्यावरून तो वापर सिद्ध होत नाही. पुरावा आणा, आणि समोरच्याला उलटतपासणी करू द्या. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. हा निकाल मी शब्दकोश मांडीवर घेऊन तीन रात्री वाचला, आणि चौथ्या रात्री आनंदाने झोप लागली नाही.

आनंद फार टिकण्यासारखा नव्हता. १९६५ चा बोनस कायदा आला, आणि कंपनीचा ऑडिट झालेला ताळेबंद अचूकच आहे असे त्याने गृहीत धरले. युनियनने फार तर एखाद्या रकमेचा खुलासा मागायचा, तोही अधिकाऱ्याला गरज पटली तर मिळायचा. बँकांच्या हिशेबावर तर शंका घेण्याचीच बंदी! त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतनसंहितेतही कंपन्यांच्या ताळेबंदाविषयीचे ते गृहीतक उतरले आहे.

एका कारखान्याची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. पगारवाढीची बोलणी तोट्याच्या ताळेबंदावर अडली होती. कच्च्या मालाची खरेदी एकाएकी फुगलेली. गेटवरचा वॉचमन मला म्हणाला, "भाऊ, एवढ्या गाड्या माझ्या गेटातून आल्याच नाहीत." त्याच्या आवक-रजिस्टरावरून आम्ही रात्री बसून आकडे उतरवले आणि बोलण्याच्या टेबलावर ठेवले. मॅनेजरसाहेब हसले. "ताळेबंद ऑडिटेड आहे," एवढेच उत्तर. दोन वर्षांनी कर्ज थकले आणि बँकेने फोरेन्सिक ऑडिटर धाडला. चष्मा लावलेला तरुण मुलगा. पहिल्या दिवशी त्याने काय मागावे? गेटचे रजिस्टर! त्याच वॉचमनने चहा पाजून त्याला सारी रजिस्टरे काढून दिली. अहवाल तयार झाला. आम्ही प्रत मागितली, तर कळले की अहवाल बँकेच्या मालकीचा आहे. तोवर कारखान्याला कुलूप लागले होते आणि चार महिन्यांचा पगार आत अडकला होता.

त्या मुलाला मी दोष देत नाही. ज्याने नेमले त्यालाच तो अहवाल देणार. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कर्जदाराचे खाते फसवणुकीचे ठरवण्याआधी त्याला नोटीस द्या, फोरेन्सिक अहवालातील निष्कर्षांवर त्याला बोलू द्या. योग्यच आहे, आरोप झालेल्याचे ऐकलेच पाहिजे. पण ज्याच्या रजिस्टरावर तो अहवाल उभा राहिला, त्या वॉचमनला त्याचे एक पानही पाहता येऊ नये काय? कामगारांची देणी बुडत असतील तेथे त्यांच्या प्रतिनिधीला अहवालाची प्रत मिळावी, एवढी आमची मागणी आहे.

ती मान्य होईपर्यंत आम्ही हातावर हात ठेवून बसलेलो नाही. युनियनच्या ऑफिसात दर शनिवारी संध्याकाळी ताळेबंद वाचण्याचा वर्ग भरतो. एक निवृत्त हेडक्लार्क शिकवतात. मागच्या शनिवारी ते आजारी होते, म्हणून त्या वॉचमनने गेटचे रजिस्टर कसे लिहावे हे शिकवले. त्या दिवशी बसायला सतरंज्या पुरल्या नाहीत.