पायाची निगा, मनाची निगा
(कुंभकोणम येथील मराठीभाषक कुटुंबांसाठी दिलेले भाषण)



कावेरीकाठच्या या नगरीला हत्तीरोग पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. क्युलेक्स जातीच्या डासांमार्फत शरीरात शिरणारे कृमी लसीकावाहिन्यांना इजा करतात आणि पाय सुजतो. सामुदायिक औषधोपचाराने रोगाचा प्रसार रोखता येतो. जुनी सूज मात्र सहसा पूर्णपणे ओसरत नाही. ती आयुष्यभर सांभाळावी लागते आणि त्या ओझ्याखाली पुष्कळदा मनही खचते.

खिन्न मनुष्य पाय धुण्याचा कंटाळा करतो. त्वचेच्या भेगांतून जंतुसंसर्ग होतो, ताप व वेदना येतात, सूज वाढते आणि मन अधिकच खचते. हे चक्र तोडावयाचे, तर पाय आणि मन या दोहोंची निगा एकत्रच राखली पाहिजे.

पाय रोज साबण व स्वच्छ पाण्याने हळुवार धुवावा. बोटांमधील जागा कोरडी करावी. बसताना पाय उंचावर ठेवावा, घोटा हलवावा, पायात सैल चप्पल घालावी. ताप येऊन पाय लाल व दुखरा झाल्यास व्यायाम आणि चोळणे थांबवून दवाखान्यात जावे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे, कशातच गोडी न वाटणे असे जाणवले, तर ते नैराश्य असू शकते. हा स्वभावदोष नव्हे, पूर्वजन्मीचे पापही नव्हे. तो उपचारसाध्य आजार आहे. समुपदेशन व औषधे, दोन्हींचा उपयोग होतो. औषधाचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये.

कुटुंबीयांना विनंती अशी : हत्तीरोग स्पर्शाने पसरत नाही. रुग्णाचे ताट वेगळे मांडू नका. घरच्या लग्नकार्यात त्याला आतल्या खोलीत न ठेवता पंगतीत आपल्या शेजारी बसवा. पाय धुताना पाण्याची बादली आणून द्या आणि दोन शब्द बोला. जगणे नकोसे झाल्याचे तो बोलला, तर त्यास एकटे सोडू नका. तत्काळ रुग्णालयात न्या.

टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे तमिळमध्ये बोलता येते, तसेच मराठीतही. संकोच न करता दूरध्वनी करावा.