‘‘स्टीलचं आहे, अम्मा!’’

ह्यूस्टनला पुतण्याकडे उतरलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चहाबरोबर दोन छायाचित्रं माझ्यापुढे ठेवली. दोन्ही रिव्हॉल्व्हरची. ‘‘चाचा, यातलं कुठलं घेऊ?’’

मी कविता लिहिणारा माणूस. पण आमच्या कोकणातल्या घरात एके काळी ठासणीची बंदूक होती, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला. आणि त्यालाही ठासणीचंच हवं होतं. काळ्या दारूचं, सहा घरांचं. तिथल्या क्लबात रविवारी निशाण्यावर मारायला.

ही हत्यारं एकोणिसाव्या शतकातली, काडतूस रूढ होण्याआधीची. प्रत्येक घरात दारू ओतायची, साधारण दोन ग्रॅम. वर शिशाची गोळी. ती नळीखालच्या दांड्यानं दाबून बसवायची, तोंडाला चरबी फासायची आणि शेवटी मागून तांब्याच्या टोप्या चढवायच्या. चरबीचा आळस केला तर एका घराची आग शेजारच्या घरात शिरू शकते. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यानं असल्या हत्याराला, मग ती नवी नक्कल का असेना, सहसा बंदूक मानलेलंच नाही! राज्याराज्यांचे नियम निराळे. न्यू जर्सीत परवाना लागतो, टेक्सासमध्ये ते घरपोच येतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. पण परवाना हा हवाच. वानर आणि रानडुकरांपायी अब्बांनी तो काढला होता.

छायाचित्रांतलं एक रिव्हॉल्व्हर म्हणजे १८५८ च्या रेमिंग्टनची इटलीत घडवलेली नक्कल. निळसर काळ्या पोलादाची, देखणी. दुसरं रूगर कंपनीचं ‘ओल्ड आर्मी’, स्टेनलेस स्टीलचं. १९७२ मध्ये निघालेलं हे मॉडेल २००८ मध्ये बंद झालं, म्हणजे ते कुणाचं तरी वापरलेलंच मिळणार. दिसायला जुनं, आतल्या स्प्रिंगा नव्या धाटणीच्या. माझा जीव पहिल्यावर गेला. तरी मी म्हटलं, ‘‘स्टीलचं घे.’’

का, ते सांगतो. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. सोरा पाऊण हिस्सा. ती धूर होऊन उडून जात नाही. निम्म्याहून अधिक भाग राख आणि क्षार होऊन मागे उरतो. हे क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि लोखंड खाऊ लागतात. अब्बा बार काढला की त्याच संध्याकाळी चुलीवर पाणी तापवायचे. नळी धुऊन, गजाला चिंधी गुंडाळून ती कोरडी करायची, तेल द्यायचं आणि मगच जेवायला बसायचं.

अब्बा १९९४ मध्ये गेले. त्यानंतर एकदाच, वानरं फार झाली म्हणून, मी बार काढला. पुढे परवान्याचं व्हायचं होतं म्हणून बंदूक ठाण्यात जमा केली. न धुता! परवाना माझ्या नावावर करायचं आज-उद्या करत चार वर्षं गेली. पाहायला गेलो तर घोडा उठेना, नळीच्या तोंडाशी गंजाचे पापुद्रे. नको म्हणून सही करून परत आलो. घरी कुणाला खरं कारण सांगितलं नाही.

पुतण्याला मात्र त्या सकाळी सांगितलं. तो काही बोलला नाही. मग मीच म्हणालो, की स्टेनलेस म्हणजे न गंजणारं असं समजू नकोस. आमच्या किनाऱ्यावरच्या खारट हवेत स्टीलच्या डब्यांवरही तांबूस डाग पडतात. तुझी हवाही समुद्राचीच. फक्त एखादा दिवस चुकलास तर स्टील माफ करतं.

रात्री भाभीचा गावाहून फोन. तिला कुणीतरी सांगितलंच होतं. ‘‘भाई, आपल्या नावाच्या माणसानं परक्या मुलखात हत्यार घ्यावं का?’’ मला हसून सोडवता आलं नाही ते. पुतण्याचं म्हणणं, क्लबात बाकीचे आणतात, मग मीच का नको? दोघांचंही खरं वाटत होतं. घरात सहा वर्षांचा मुलगा. मी एवढंच म्हणालो, की कुलपाचं लोखंडी कपाट आधी येऊ दे, रिव्हॉल्व्हर मागाहून. टोप्या वेगळ्या कुलपात. त्यानं ऐकलं.

महिन्याभरानं, मी परतण्याच्या आधीच्या रविवारी, आम्ही क्लबात गेलो. मी एक बार काढला. पांढऱ्या धुरात निशाणाच दिसेना. गोळी कुठं गेली ते विचारू नका.

घरी आल्यावर चक्री काढली, मुठीची लाकडं सोडवली आणि सगळं साबणाच्या कढत पाण्यात घातलं. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. अब्बांच्या पडवीतला तोच वास. मी ब्रश घेऊन एकेक घर घासत बसलो. तेवढ्यात भाभीचा फोन आला. ‘‘काय चाललंय?’’

माझे हात ओले. पुतण्याच म्हणाला, ‘‘चाचा भांडी घासतायत, अम्मा. स्टीलची.’’