चिमूटभर मातीत सात गुंठे



मी बार्शीच्या भुसार बाजारातला माणूस. भूशास्त्राच्या परिषदेचा स्वागताध्यक्ष म्हणून माझं नाव निघालं, तेव्हा आडतीवर माझी यथेच्छ थट्टा झाली. पण अॅल्युमिनियम सिलिकेटवर बोलायला बार्शीचाही हक्क आहेच की! भंडाऱ्याचं कायनाइट मानाचं खनिज. भट्टीच्या विटांत जाऊन बसतं. आमच्या काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट बैलाच्या खुराला चिकटतं, एवढाच फरक.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण कोकणातही आहे आणि इथंही. तिकडं धो-धो पावसानं त्यातली सिलिका, चुना, मॅग्नेशियम धुऊन नेलं आणि जांभा उरला. इकडं पर्जन्यछायेत दगड कुजला, पण सिलिका आणि मॅग्नेशियम बरंचसं जागेवरच राहिलं. त्यातून ही चिकणमाती घडली. ज्या तुटपुंज्या पावसाला आम्ही दरसाल बोल लावतो, त्यानंच आमचं काळं रान राखलं म्हणायचं!

मॉन्टमोरिलोनाइटमध्ये सिलिकाच्या दोन थरांमध्ये अॅल्युमिनाचा एक, असे पापुद्रे भाकरीच्या चळतीसारखे रचलेले असतात. त्यांची आपसातली पकड ढिली. पाणी आत शिरतं, माती फुगते. वाळली की आक्रसते. चैत्रात रानातल्या भेगेत काठी सहज उतरते. एका ग्रॅमभर मॉन्टमोरिलोनाइटच्या पापुद्र्यांचं क्षेत्रफळ ७०० चौरस मीटरच्या घरात जातं. आमच्या हिशेबानं चिमटीत सात गुंठे! एवढ्या जागेत धरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी थंडीभर तग धरते. मालदांडी ३५-१ हा वाण निवडला गेला तोही याच जिल्ह्यात, मोहोळला.

घर बांधणाऱ्याला मात्र या मातीबद्दल विचाराल तर तो शिव्याच घालेल. काळी माती उपसून पायात मुरूम भरल्याशिवाय इथं भिंत धड राहत नाही. येताना कुंपणभिंतीला गेलेली तिरकी चीर पाहिलीत ना? स्वागत समितीनं ती मुद्दामच बुजवलेली नाही. प्रदर्शनातला पहिला नमुना समजा.

उद्या सकाळी शिवारफेरी आहे, हुरडा रानातच भाजू. आभाळ भरून आलंय. रात्री चार शिंतोडे पडले, तर बूट गाडीतच काढून ठेवा. नाहीतर नमुना पिशवीत कमी आणि बुटाला जास्त येईल.