निसर्गाशी सलोखा



१९७८ साली ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन व डेव्हिड होमग्रेन यांनी ‘पर्माकल्चर’, म्हणजेच कायम टिकणारी शेती, हा विचार पुस्तकरूपाने मांडला. जमिनीची काळजी, माणसाची काळजी आणि मिळालेल्याची न्याय्य वाटणी ही त्याची तीन सूत्रे. जंगलाला कोणी खत घालत नाही. गळालेला पालाच कुजून खत होतो. कोकणातील माड, पोफळी, केळ व मिरवेलीची वाडी हाच धडा देते.

विद्यार्थ्यांनो, अंगणातील पाला जाळू नका, आळ्यात घाला. तांदूळ धुतलेले पाणी केळीला द्या. पालकहो, मुलामुलींच्या हाती पुस्तकाबरोबर कुदळही द्या. शिकलेल्यांना मातीची लाज वाटू लागली, तर वाड्या ओस पडतील आणि शिक्षणही अपुरेच ठरेल.