घरच्या फिल्मचे रीळ

श्रोतेहो, घरच्या पेटीत किंवा शाळेच्या कपाटात जुन्या घरगुती चित्रपटाचे रीळ सापडले, की वाटते, लावू या प्रोजेक्टरवर! पण थांबा. अशा बहुतेक फिल्मला निगेटिव्ह नसे. कॅमेऱ्यातून फिरली, तीच पट्टी धुऊन पडद्यावर दाखवीत. म्हणजे हातातली प्रत एकुलती एक. ओरखडा पडला, तो कायमचाच.

आधी पट्टी ओळखा. १६ मिलिमीटरची फिल्म १९२३ साली निघाली, ८ मिलिमीटरची १९३२ साली आणि ‘सुपर ८’ १९६५ साली. या शेवटच्या दोघींची रुंदी एकच. मग फरक कळावा कसा? भोके पाहा. जुनीची मोठी, दोन चित्रांच्या सांध्यावर. सुपरची लहान, चित्राच्या मध्यावर. एकीच्याच यंत्रावर दुसरी चढवाल, तर पट्टी फाटेल.

मग वास घ्या. हो, नाकानेच! आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला, तर ॲसिटेटची पट्टी कुजू लागली म्हणून समजा. ते रीळ इतरांपासून वेगळे ठेवा. पट्टी आखडली किंवा वेडीवाकडी झाली असेल, तर प्रोजेक्टर नकोच. जाणत्याकडून तिची डिजिटल प्रत करून घ्या. तरी मूळ रीळ टाकू नका.

पट्टी नेहमी कडेने धरा. उष्णता आणि ओल हे तिचे वैरी. म्हणून पत्र्याखालचा माळा नको, थंड, कोरडी जागा हवी.

आणि गुरुजी, चित्रातली माणसे कोण, गाव कुठले, हे वडीलधाऱ्यांना आजच विचारून डब्यावर लिहून ठेवा. पट्टी टिकली आणि नावे हरवली, तर काय उपयोग?