नळावरचे चौथे शील
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘रोजच्या जगण्यातला धम्म’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, असे कार्यकारिणीने ठरविले. मी काही पंडित नव्हे. पालीचे माझे ज्ञान त्रिशरण-पंचशीलापुरतेच. तेव्हा मी बोलेन ते स्वयंपाकघरातले आणि चाळीच्या नळावरचे असेल. ते गोड मानून घ्यावे.

आपण पिंपरीकर या बाबतीत भाग्यवान आहोत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, इथून जवळच देहूरोडला, बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. म्हणजे दीक्षेच्या आधी जवळजवळ दोन वर्षे बुद्ध आपल्या शेजारी येऊन बसला होता. देहाच्या औषधाला आणि मनाच्या औषधाला एकाच वर्षी या भागात जागा मिळाली, हा योगायोग मला फार आवडतो.

त्याही मागे जाऊ. देहूरोडजवळ शेलारवाडीच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तिथल्या एका शिलालेखात, धेनुकाकट गावच्या एका नांगऱ्या शेतकऱ्याच्या बायकोने, नंद नावाच्या आपल्या मुलासह, लेणे दान दिल्याची नोंद आहे. दीड हजार वर्षांहून जुनी ही गोष्ट. राणी नव्हे, शेटाणी नव्हे, शेतकऱ्याची बायको! धम्म ही केवळ चीवरधारी मंडळींची मिरास कधीच नव्हती, हे त्या बाईने दगडावर कोरून ठेवले आहे.

खुद्द बुद्धानेही तेच शिकविले. सिगाल नावाचा एक तरुण सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना हात जोडत होता. बुद्धाने त्याला दिशांचा अर्थच बदलून सांगितला. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे बायकामुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकरचाकर आणि वरची म्हणजे श्रमण. नवऱ्याने बायकोचा मान राखावा, मालकाने नोकराला झेपेल तेवढेच काम द्यावे, वेतन द्यावे, आजारात सांभाळावे, सुटी द्यावी, हे सारे त्यात येते. कामगारांच्या या गावात हे सुत्त भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे.

आपल्या दापोडीत याच वाटेने पुष्कळ काम झाले आहे. इंग्रज भिक्खू संघरक्षित यांची बाबासाहेबांशी भेट झालेली होती. त्यांच्या प्रेरणेने १९७९ मध्ये आपल्याकडे त्रैलोक्य बौद्ध महासंघ सुरू झाला. आज त्याला त्रिरत्न बौद्ध महासंघ म्हणतात. त्यातले धम्मचारी आणि धम्मचारिणी पुष्कळदा संसारी असतात, नोकरी करतात आणि तरी धम्म शिकवितात. आधी शरण जाणे महत्त्वाचे, राहणी त्यानंतरची, असे त्यांचे म्हणणे. हे ऐकल्यावर मलाही धीर आला, की आपणही बायकांना जमवून काही सांगू शकू.

पण मी शिकवायला लागले ते ज्ञानामुळे नव्हे, चुकीमुळे. ती आज इथे सांगते.

आमच्या चाळीतली एक मुलगी चाकणकडच्या एका कारखान्यात कामाला होती. एका रात्री बाराच्या सुमारास ती मोटारीतून उतरताना मला दिसली. सकाळी नळावर मी एवढेच म्हणाले, “रात्री बाराला मोटार आली होती हो!” झाले. चार तोंडांतून ती गोष्ट मुलाकडच्यांच्या कानी गेली आणि ठरलेले लग्न मोडले. ती मोटार कंपनीची होती. पाळी सुटल्यावर बायकांना घरी सोडणारी.

मी मनाची समजूत घातली, की मी खोटे कुठे बोलले? जे पाहिले तेच सांगितले. चौथे शील शाबूत आहे! मग एका शिबिरात सम्यक् वाचेचे चार भाग ऐकले. खोटे न बोलणे हा पहिला. चहाडी, कठोर बोलणे आणि पोकळ बडबड टाळणे हे पुढचे तीन. माझी मान खाली गेली. खरे बोलूनही मी शील मोडले होते.

त्या मुलीच्या आईच्या दारात मी गेले. “वहिनी, माझे चुकले,” म्हणाले. त्यांनी दार लावले नाही. पण बसाही म्हटले नाही. ते योग्यच होते. मुलाकडच्यांकडेही जाऊन आले. खरे काय ते सांगितले. मोडलेले जुळले नाही.

त्यानंतर रविवारी दुपारी आम्ही पाच-सहा जणी माझ्या घरी बसू लागलो. शेंगा सोलीत, मेथी निवडीत. वंदना होते, मग प्रवचन नाही. एकच नियम : त्या आठवड्यात आपले कोणते शील कुठे मोडले, ते ज्या-त्या बाईने स्वतःचेच सांगायचे. दुसरीचे सांगायचे नाही. आणि इथले बोलणे उंबऱ्याबाहेर न्यायचे नाही. कोणी वजनात मारलेला हात सांगते, कोणी सुनेला टाकून बोललेले सांगते. एक विहारातल्या काकांना हे पटले नाही, “हा काय धम्माचा वर्ग?” असे ते म्हणाले. पण हल्ली त्यांच्याच घरच्या बाई येतात.

आता नळावरची चहाडी मोबाईलवर गेली आहे. नळाला निदान पाण्याची वेळ होती. मोबाईलला तीही नाही. म्हणून पुढे पाठविण्याआधी क्षणभर थांबून पाहावे, की हे खरे आहे का? आणि खरे असले तरी, कोणाचे घर मोडेल का?

गेल्या वर्षापासून त्या वहिनी आमच्याकडे येऊ लागल्या आहेत. दाराशीच बसतात. अजून एक शब्द बोललेल्या नाहीत. मी विचारीत नाही. त्यांच्यापुढे निवडायला मेथी ठेवते.